तिच्या ड्युटीचे तास कोण मोजणार?

१९ फेब्रुवारी म्हणजे आम्हा जुन्नरकरांचा सणच. शिवनेरीवर शिवजन्माचा पाळणा हलतो, मुख्यमंत्री, मंत्री येतात, गावोगावचे शिवभक्त ज्योत घेऊन येतात. अशाच एका शिवजयंतीला आमच्या बचत गटाच्या बायका गडाच्या पायथ्याशी पाणी वाटत होतो. बंदोबस्तावरच्या एका पोलीस मुलीला मी ग्लास दिला. तिने दोनच घोट घेतले. म्हणाली, "जास्त नको काकू, नंतर जागा सोडता येत नाही." पहाटे तीनला घर सोडलेलं, पोर सासूबाईंकडे. मी विचारलं, "मग एवढ्या जादा तासांचे पैसे तरी मिळतात का गं?" ती नुसती हसली.

ते हसू डोक्यातून जाईना, म्हणून थोडी माहिती काढली. आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी चाकणच्या कंपन्यांत कामाला असतंच. तिथे ठरलेल्या तासांपुढे काम केलं की दुप्पट दराने ओव्हरटाइम. कायदाच आहे तसा. पण पोलिसांचं वेगळं. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम २८ आहे. त्याप्रमाणे पोलीस हा सदैव कामावर आहे असंच धरलं जातं. जो चोवीस तास कामावरच, त्याला 'जादा' तास कुठून येणार?

होमगार्डच्या मुलींचंही तसंच. भीमाशंकरला श्रावणात आणि महाशिवरात्रीला गर्दी लोटते तेव्हा खाकीतल्या या मुली दिसतात. त्यांना रोजाचा कर्तव्य भत्ता मिळतो. ऑक्टोबर २०२४ पासून तो ५७० वरून १०८३ रुपये झाला, हे चांगलंच झालं. पण हिशेब दिवसाचा, तासाचा नाही.

मात्र काहीच बदललं नाही असंही नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तोही एका पोलीस कर्मचाऱ्यानेच वेळापत्रक आखून दिल्यावर. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला पोलिसांची ड्युटी बाराऐवजी आठ तासांची करण्याचा आदेश काढला. अभिमानाची गोष्ट म्हणजे हा प्रयोग आधी जिथे झाला, त्यात नागपूर आणि अमरावती शहरांबरोबर आपलं पुणे ग्रामीणही होतं. जुन्नर-आंबेगावची पोलीस ठाणी त्यातच येतात.

पण आदेशात एक वाट ठेवलेली आहे. सणवार किंवा तातडीचा प्रसंग असेल तर वरिष्ठांच्या परवानगीने तास वाढवता येतात. आता आपल्याकडे सण काय थोडे? शिवजयंती झाली की यात्रा, मग गणपती, नवरात्र, मध्येच निवडणुका. गडावर पुढारी आले तर त्यांना सोडून घरी जा, असं कुणी म्हणणार नाही. तीही म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की, वाढलेले तास निदान वहीत लिहिले जावेत आणि त्यांच्या बदल्यात पैसे नाहीतर हक्काची सुट्टी मिळावी. लिहिलंच नाही तर मागणार कशाच्या जोरावर?

आणि ज्यांच्या घरातलं कुणी खासगी एजन्सीतर्फे बँकेत, सोसायटीत, कंपनीच्या गेटवर पहारा देतं, त्यांनी हे नीट ऐका. तिथे 'सदैव कामावर' हा नियम नाही. ठरलेल्या तासांपुढच्या कामाला किमान दुप्पट दराने पैसे द्यावेत, असं वेतन संहितेतही आहे. आपल्या राज्यात सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ पासून खास कायदा आहे, सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. तेव्हा येण्या-जाण्याची वेळ रोज एका वहीत लिहून ठेवा, पगाराची चिठ्ठी मागून घ्या आणि जपून ठेवा. कामगार कार्यालयात जायची वेळ आली तर तीच वही उपयोगी पडेल.

आपण दुधाचा हिशेब कॅलेंडरवर मांडतो, भिशीचा वहीत मांडतो. मग लेकीसुनांच्या कष्टांचाच तेवढा का सोडून द्यायचा?

पुढच्या बंदोबस्ताला अशी एखादी मुलगी दिसली तर पाणी द्याच, पण पायथ्याच्या एखाद्या घराचं न्हाणीघरही तिच्यासाठी उघडं ठेवा. म्हणजे तिला दोन घोटांवर थांबावं लागणार नाही.