वंशावळीने पकडून दिला खुनी!

मार्च २०१८चे अखेरचे दिवस. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅक्रामेंटो शहराला लागून असलेल्या सिट्रस हाइट्स या वस्तीत एका साध्यासुध्या घरासमोर पॉल होल्स गाडीत बसून होते. शेजारच्या कॉन्ट्रा कॉस्टा जिल्ह्यात गुन्हे-तपासाचं काम करणाऱ्या होल्स यांची निवृत्ती अगदी तोंडावर आली होती. १९९४पासून, म्हणजे तब्बल २४ वर्षं, एका बेनाम खुन्याने त्यांना पछाडलं होतं. समोरच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव त्यांच्या यादीत होतं. पण यादीत दुसरीही नावं होती. उतरावं, दार ठोठवावं, दोन शब्द बोलावे आणि डीएनए तपासणीसाठी नमुना मागून घ्यावा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी विचार बदलला, गाडी सुरू केली आणि ते निघून गेले.

बरंच झालं म्हणायचं! कारण त्या घरात जोसेफ जेम्स डीअँजेलो राहत होता. वय ७२. ट्रक दुरुस्त करण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला. १३ खून आणि सुमारे ५० बलात्कार या माणसाच्या नावावर होते, आणि तोवर त्याच्यावर कुणाचाही संशय गेलेला नव्हता.

या गुन्ह्यांची सुरुवात १९७४मध्ये व्हायसेलिया गावातल्या घरफोड्यांपासून झाली. शंभरावर घरं फुटली. १९७५मध्ये तिथे पहिला खून पडला. १९७६पासून सॅक्रामेंटोच्या पूर्व भागात रात्री-अपरात्री घरात शिरून बलात्कार होऊ लागले. तोंडावर बुरखा, हातात पिस्तूल किंवा सुरी. घरात नवरा असला तर त्याला पालथं पाडून, हातपाय बांधून, पाठीवर कपबशांची चळत रचायची; बशी वाजली तर दोघांना ठार मारीन, अशी धमकी द्यायची. लोकांनी बंदुका विकत घेतल्या, दारांना जादा कड्या बसवल्या. १९७९च्या सुमारास हे प्रकार तिथे थांबले आणि शेकडो मैलांवर, दक्षिण कॅलिफोर्नियात, जोडप्यांचे खून सुरू झाले. शेवटचा खून १९८६मधला. बळी १८ वर्षांची मुलगी.

उत्तरेतला बलात्कारी आणि दक्षिणेतला खुनी हा एकच माणूस आहे, हे डीएनए तपासणीने पक्कं ठरायला २००१ साल उजाडलं. पण एकच माणूस म्हणजे कोण? गुन्हेगारांच्या डीएनए नोंदींचं राष्ट्रीय दफ्तर पुन्हा पुन्हा चाळलं गेलं. मिळतीजुळती नोंद नाही! या हत्याकांडात भाऊ आणि भावजय गमावलेल्या एका गृहस्थाने पदरमोड करून मोहीम चालवली आणि २००४मध्ये सार्वमताने कॅलिफोर्नियात कायदा झाला. गंभीर गुन्ह्यातल्या प्रत्येक आरोपीचा डीएनए त्या कायद्याने नोंदला जाऊ लागला. त्या नोंदींमुळे इतर अनेक गुन्हेगार सापडले. हा मात्र नाही. दफ्तरात यायला आधी पकडलं जावं लागतं, आणि हा माणूस पकडला गेला होता १९७९मध्ये, दुकानातून हातोडा आणि कुत्र्यांना पळवून लावणारं औषध चोरताना. तेव्हा डीएनए तपासणी अस्तित्वातच नव्हती.

रक्ताचं नातं

भारतीय वाचकाला डीएनए तपासणी नवी नाही. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी १९८८मध्येच हे तंत्र विकसित केलं. १९९५च्या दिल्लीतल्या तंदूर हत्याकांडात जळालेल्या देहाची ओळख याच तंत्राने, आई-वडिलांच्या रक्ताशी जुळवून पटवली गेली. पण तिथे ताडून पाहायला समोर माणसं होती. कॅलिफोर्नियाच्या पोलिसांसमोर कुणीच नव्हतं.

पोलिसांच्या दफ्तरात डीएनएवरच्या जेमतेम २० जागा तपासलेल्या असतात. हा नमुना त्याच माणसाचा आहे की नाही, एवढं सांगायला त्या पुरतात. दूरचं नातं त्यातून कळत नाही. हौसेने आपली वंशावळ शोधणाऱ्यांना खासगी कंपन्या जी तपासणी करून देतात, तिच्यात मात्र सहा-सात लाख जागा पाहिल्या जातात. सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांचा डीएनए सरासरी साडेबारा टक्के सारखा असतो. आणखी काही पिढ्या मागे गेलं की हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली येतं, तरी लाखो जागा तपासल्या तर तेवढंही ओळखू येतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आजोबा-पणजोबांची सही सापडते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे नोंद शाईत नसून रक्तात असते.

प्रश्न जुन्या नमुन्याचा होता. व्हेंचुरा जिल्ह्यात १९८०मध्ये एका जोडप्याचा खून झाला, तेव्हा तिथल्या शवचिकित्सकांनी नमुन्यांचा एकाऐवजी दुहेरी संच घेऊन ठेवला होता. एक संच तपासात वापरला गेला, दुसरा शीतपेटीत पडून राहिला. डीएनएने गुन्हेगार ओळखता येतो हेही जगाला ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही शिस्त! त्या न उघडलेल्या संचातून खुन्याचा भरपूर डीएनए मिळाला. त्यावरून लाखो जागांचं वाचन झालं आणि ते ‘जेडमॅच’ या संकेतस्थळावर टाकण्यात आलं. वंशावळीच्या छंदापायी सुमारे दहा लाख लोकांनी आपली माहिती तिथे आपणहून ठेवलेली होती. इतर खासगी संग्रहांतही शोध घेतला गेला होता, हे नंतर बाहेर आलं.

जवळचं कुणी सापडलं नाही. सापडली ती दूरची भावंडं. खुन्याचे आणि त्यांचे समान पूर्वज एकोणिसाव्या शतकातले, थेट खापरपणजोबांच्या पिढीच्या आसपासचे! इथून पुढे यंत्राचं काम संपलं आणि चिकाटीचं सुरू झालं. मूळच्या न्यूझीलंडच्या, पेटंट कायद्याच्या वकिलीतून निवृत्त झालेल्या बार्बरा रे-व्हेंटर यांनी होल्स आणि एफबीआयच्या मंडळींना वाट दाखवली. जुन्या जनगणना, वर्तमानपत्रांतले मृत्युलेख, लग्नाच्या आणि जन्माच्या नोंदी धुंडाळत त्या पूर्वजांचा वंशवृक्ष खाली आणायचा. हजारभर माणसं निघाली. त्यातून स्त्रिया वगळल्या, वयात न बसणारे वगळले, त्या काळात कॅलिफोर्नियात नसलेले वगळले. उरली मूठभर नावं. डोळ्यांचा निळा रंग आणि लवकर पडणारं टक्कल हेही डीएनएने सुचवलं होतं. यादी आणखी आखडली.

तरीही कुणी घाई केली नाही, त्याला कारण होतं. २०१७मध्ये अशाच एका शोधात, डीएनएतल्या एका दुर्मिळ खुणेवरून तपास ओरेगन राज्यातल्या वृद्धाश्रमात राहणाऱ्या ७३ वर्षांच्या माणसापर्यंत गेला होता. त्याचा नमुना घेतला गेला. तो माणूस संपूर्ण निर्दोष निघाला! वंशावळ फार तर नाव सुचवते, आरोप सिद्ध करत नाही.

म्हणून पाळत ठेवली गेली. १८ एप्रिल २०१८ रोजी डीअँजेलो एका दुकानात शिरला, तेव्हा पोलिसांनी त्याच्या मोटारीच्या दाराची मूठ पुसून नमुना घेतला. डीएनए जुळला. खात्रीसाठी त्याच्या घराबाहेरच्या कचऱ्यातला टिश्यू पेपर उचलला. तोही जुळला. २४ एप्रिलला त्याला घराबाहेर धरलं, तेव्हा तो म्हणाला, ओव्हनमध्ये मांस भाजत ठेवलंय!

वर्दीतला चोर

मग उलगडलं, की घरफोड्यांच्या काळात हा माणूस व्हायसेलियाजवळच्या एक्झेटर गावात चक्क पोलीस होता. पुढे ऑबर्नलाही पोलिसातच. हातोड्याच्या चोरीमुळेच त्याची नोकरी गेली होती.

या यशानंतर अमेरिकेत जुन्या खुनांची दफ्तरं धडाधड उघडली गेली. पण धास्तीही वाढली. एकाने हौसेने थुंकी पाठवायची आणि त्याच्या साऱ्या गोतावळ्याची कुंडली पोलिसांच्या हाती जायची, हे योग्य का? गोतावळ्याला कुणी विचारलं होतं? मे २०१९मध्ये ‘जेडमॅच’ने नियम बदलला. जो स्पष्ट होकार देईल, त्याचीच माहिती पोलिसांना ताडून पाहता येऊ लागली. तक्रारीत तथ्य होतं. पण चाळीस वर्षं दाराच्या कड्या तपासत झोपलेल्या बायकांसमोर ती मांडणं कठीण होतं.

२९ जून २०२० रोजी, फाशी टाळण्याच्या बोलीवर, डीअँजेलोने १३ खुनांचा गुन्हा कबूल केला. कोरोनाच्या साथीमुळे न्यायालय विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात भरवलं होतं. बलात्कारांबद्दल खटला भरण्याची कायदेशीर मुदत केव्हाच उलटून गेली होती. मात्र त्यांचीही कबुली द्यायची, अशी अट त्याला घातली होती.

ऑगस्टमध्ये तीन दिवस पीडित स्त्रिया आणि मृतांचे नातेवाईक एकेक करून बोलायला उभे राहिले. समोर तो चाकांच्या खुर्चीत, गलितगात्र होऊन बसलेला. त्याच माणसाचं कोठडीत चपळाईने हालचाली करतानाचं चित्रण सरकार पक्षाने जाहीर केलं. २१ ऑगस्टला, शिक्षा सुनावण्यापूर्वी, तो खुर्चीतून उठून उभा राहिला, मुखपट्टी काढली आणि म्हणाला, मी तुम्हा प्रत्येकाचं बोलणं ऐकलं, ज्यांना दुखावलं त्यांची मला मनापासून माफी मागायची आहे. न्यायाधीश मायकेल बोमन यांनी त्याला पॅरोलशिवाय आजन्म कारावास ठोठावला.