खेळाचे मैदान आणि टिटवी

गोल्फ काय नि आपला विटीदांडू काय, दोन्ही खेळांना मोकळे रान हवे. टिटवीलाही तेच हवे. तेथे शत्रू लांबून दिसतो. नांदेड-लातूरकडच्या माळावर ही लाल चोचीची टिटवी घरटे विणीत नाही. मार्च ते ऑगस्टच्या सुमारास जमिनीवरच्या खळग्यात ती बहुधा ४ अंडी घालते. ठिपकेदार अंडी मातीखड्यांत मिसळून जातात. त्यामुळे ती कावळ्यांपासून वाचतात खरी. पण आपल्या पायाखाली मात्र येतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली, तर अपशकुन मानू नका. अंडी किंवा पिले जवळ आहेत, एवढाच त्याचा अर्थ. गुरुजी, अशा वेळी डाव जरा पलीकडे मांडा. सुमारे चार आठवड्यांत पिले निघतात नि लवकरच चालू लागतात. मुलांना ती लांबूनच दाखवा. खेळाबरोबर पाठही होईल.