संगणक तापतो, दोष मात्र व्हायरसला

एप्रिल-मे महिन्यातील दुपार. घरच्या संगणकावर मुलाचा प्रकल्प अर्धाअधिक टाइप झालेला असतो आणि अचानक मॉनिटर काळा पडतो. कोणतीही पूर्वसूचना नाही, संदेश नाही. दहा मिनिटांनी बटण दाबले की संगणक पुन्हा सुरू होतो. मात्र या वेळी तो पाचच मिनिटांत बंद पडतो. घरात लगेच निदान होते, व्हायरस शिरला! ओळखीच्या कुणाला तरी बोलावले जाते, हार्डडिस्क फॉरमॅट होते आणि विंडोज नव्याने टाकली जाते. या गडबडीत बाजूला काढून ठेवायची राहिलेली छायाचित्रे, पत्रे आणि हिशेब कायमचे पुसले जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी संगणक पुन्हा बंद पडतो. कारण आजार विंडोजमध्ये नव्हताच. तो होता प्रोसेसरवरील पंख्याखाली साचलेल्या धुळीत.

असे अचानक बंद पडणे हा अनेकदा बिघाड नसून संगणकाने स्वतःच्या बचावासाठी केलेला उपाय असतो. तो ओळखता आला, तर फॉरमॅटचा खटाटोप आणि त्यातून होणारे नुकसान, दोन्ही टळू शकतात.

उष्णता येते कोठून?

प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनचा एक लहानसा तुकडा. आजच्या प्रोसेसरमध्ये त्यावर अब्जावधी ट्रान्झिस्टर कोरलेले असतात आणि ते अखंड चालू-बंद होत असतात. या कामासाठी घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. जुन्या पद्धतीच्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बला हात लावता येत नसे, हे अनेकांना आठवत असेल. ६५ वॅटचा प्रोसेसर पूर्ण क्षमतेने काम करताना साधारण तितकीच उष्णता निर्माण करतो. पण रुपयाच्या नाण्याहूनही लहान जागेत. ही उष्णता तत्काळ वाहून नेली नाही, तर तापमान काही सेकंदांतच धोक्याच्या पातळीला पोहोचते.

ही अडचण प्रोसेसरच्या वाढत्या वेगाबरोबर आली. सुरुवातीचे ४८६ श्रेणीचे प्रोसेसर पंख्याशिवाय चालत. १९९३ मध्ये आलेल्या पहिल्या पेंटियमचा वीजवापर सुमारे १५ वॅट होता. २००४ पर्यंत पेंटियम ४ च्या काही प्रकारांनी १०० वॅटची मर्यादा ओलांडली. केवळ वेग वाढवत राहण्याचा मार्ग परवडणारा नाही हे उमगल्यावर त्याच वर्षी इंटेलने 'तेजस' या सांकेतिक नावाच्या पुढील प्रोसेसरचे काम थांबवले आणि एकाच प्रोसेसरमध्ये अनेक गाभे बसवण्याकडे मोर्चा वळवला. २००६ मधील कोअर टू ड्युओच्या घरगुती संगणकांसाठीच्या बहुतेक प्रकारांचा आकडा ६५ वॅटवर आला. पुढे मात्र आकडे पुन्हा चढू लागले. २०२२ मधील कोअर आय९-१३९००के हा प्रोसेसर कमाल वेगाने चालताना २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो.

प्रोसेसर स्वतःला कसा वाचवतो?

आधुनिक प्रोसेसरच्या आतच तापमान मोजणारे संवेदक बसवलेले असतात. ठरावीक मर्यादा गाठताच प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतो. वेग कमी झाला की वीज कमी लागते आणि उष्णताही कमी होते. संगणक दुपारी 'जड' चालतो आणि रात्री पुन्हा सुरळीत होतो, अशी तक्रार अनेकदा यातूनच उद्भवते. एवढ्यानेही भागले नाही, तर विद्युतपुरवठा तोडला जातो. मॉनिटर काळा पडण्याचा क्षण तो हाच.

ही सोय पूर्वी सर्वत्र नव्हती. २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने चालू संगणकातील प्रोसेसरवरील हीटसिंक काढून पाहण्याचा प्रयोग केला. पेंटियम ४ ने वेग कमी करून स्वतःला वाचवले, पेंटियम ३ जागीच थांबला; त्या वेळचे अ‍ॅथलॉन प्रोसेसर मात्र जळून गेले. आज दोन्ही प्रमुख कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये संरक्षण असते. त्यामुळे उष्णतेने प्रोसेसर जळण्याचे प्रकार विरळ झाले आहेत. काम अडणे आणि न साठवलेला मजकूर जाणे हे मात्र सुरूच आहे.

धूळ वर्षभराची, हिशेब मे महिन्यात

प्रोसेसरमधील उष्णतेला खोलीबाहेर पडेपर्यंत तीन टप्पे पार करावे लागतात. पहिला टप्पा प्रोसेसरपासून हीटसिंकपर्यंतचा. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसत असले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात व त्यांत हवा अडकते. हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक. म्हणून या फटी थर्मल पेस्टने भरल्या जातात. दुसरा टप्पा हीटसिंकच्या धातूच्या पात्यांपासून हवेपर्यंतचा. तेथे पंखा काम करतो. तिसरा टप्पा कॅबिनेटमधील तापलेली हवा खोलीत सोडण्याचा. यातील एक टप्पा जरी अडला, तरी उष्णता मागे तुंबते.

पंखा हवा गार करत नाही, तो केवळ हवा हलवतो. म्हणजेच प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. ते नेहमी त्यावर काही अंश असते. उदाहरणादाखल, एखादा स्वच्छ हीटसिंक दर वॅटमागे अर्धा अंश तापतो असे धरू. ६५ वॅटला प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण ३२ अंशांनी गरम राहील. खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ५७ वर आणि खोली ४० वर गेली तर ७२ वर. दोन्ही आकडे सुरक्षित आहेत. आता पात्यांत धूळ दाटून हीच वाढ दुप्पट, म्हणजे ६५ अंश झाली असे समजू. जानेवारीत प्रोसेसर ९० अंशांवर कसाबसा तग धरेल. मे महिन्यात हिशेब १०५ वर जाईल आणि संगणक बंद पडेल.

नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव या पट्ट्यात उन्हाळ्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते. तेथे हिवाळ्यात विनातक्रार चालणारा संगणक उन्हाळ्यात रुसतो, त्यामागे हेच गणित असते. धूळ वर्षभर साचलेली असते, उन्हाळा फक्त तिची वसुली करतो.

निदान आधी, फॉरमॅट नंतर

उष्णतेच्या त्रासाची काही ठळक लक्षणे आहेत. संगणक सकाळी जास्त वेळ आणि दुपारी कमी वेळ चालतो. बंद पडल्यावर लगेच सुरू केला तर लवकर बंद पडतो, तासाभराने सुरू केला तर बराच वेळ टिकतो. खेळ किंवा चित्रफितींचे संपादन अशा कामांत तो हमखास दगा देतो, आणि त्याआधी पंख्याची घरघर वाढलेली असते.

खात्री करण्याची एक सोपी चाचणी आहे. संगणक सुरू होताना बायोसच्या पानावर जावे. त्यासाठी बहुतेक संगणकांत डिलीट किंवा एफ२ ही कळ दाबावी लागते. तेथे 'हार्डवेअर मॉनिटर' किंवा 'पीसी हेल्थ' अशा नावाखाली प्रोसेसरचे तापमान व पंख्याच्या फेऱ्या दिसतात. कोणताही बदल न करता संगणक याच पानावर अर्धा तास ठेवावा. या वेळी विंडोज सुरू झालेलीच नसते. त्यामुळे तापमान चढत जाऊन संगणक येथेच बंद पडला, तर विंडोजला किंवा तिच्यातील व्हायरसला दोष देता येणार नाही. तापमान न चढताही तो येथे बंद पडला, तर संशय एसएमपीएस किंवा मदरबोर्डवर घ्यावा.

येथे काही घडले नाही, तर विंडोज सुरू करून 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यूइन्फो' यांसारख्या मोफत प्रोग्रॅमवर लक्ष ठेवावे. संगणकावर काम नसताना ३५ ते ५० आणि भरपूर काम असताना ६० ते ८० अंश हे सर्वसाधारण आकडे मानता येतील. ९० च्या पुढे आकडा वारंवार जात असेल, तर कॅबिनेट उघडण्याची वेळ आली आहे. अर्थात याला अपवाद आहेत. एएमडीचे २०२२ पासूनचे रायझन ७००० श्रेणीतील अनेक प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालतील अशा बेतानेच बनवलेले आहेत. त्यामुळे आपल्या प्रोसेसरची मर्यादा उत्पादकाच्या माहितीतून पाहून घ्यावी.

व्हायरसचा आणि उष्णतेचा मुळीच संबंध नसतो, असेही नाही. दुसऱ्याच्या संगणकावर चोरून आभासी चलन मिळवणारे प्रोग्रॅम प्रोसेसरला सतत राबवतात. काही काम सुरू नसतानाही 'टास्क मॅनेजर'मध्ये प्रोसेसरचा वापर ८०-९० टक्के दिसत असेल, तर ती शक्यता तपासावी. फॉरमॅट करावेच लागले, तरी हार्डडिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून आधी फायलींची प्रत काढून घ्यावी.

सफाई कशी करावी?

संगणक बंद करून वायर सॉकेटमधून काढावी आणि मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. ज्याला बोलीभाषेत सरसकट 'सीपीयू' म्हटले जाते ते कॅबिनेट गच्चीत किंवा अंगणात न्यावे, अन्यथा उडालेली धूळ पुन्हा खोलीतच बसेल. आतील भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. अंगावरील स्थिर विद्युत नाजूक भागांना घातक ठरते.

धूळ काढण्यासाठी मऊ ब्रश आणि हवेचा ब्लोअर पुरेसा असतो. ब्लोअर वापरताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. जोराच्या हवेने ते वेड्यासारखे फिरल्यास पंख्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. वरवर स्वच्छ दिसणाऱ्या पंख्याखाली, पात्यांच्या तोंडाशी, धुळीची गादी जमलेली असते. तीच काढणे महत्त्वाचे. स्वयंपाकघराजवळील संगणकात फोडणीच्या वाफेमुळे आणि देवघराजवळील संगणकात उदबत्तीच्या धुरामुळे ही धूळ चिकट होते. एसएमपीएसच्या जाळीतून बाहेरूनच हवा मारावी. तो उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात काही काळ धोकादायक दाब राहतो.

सफाईनंतरही तापमान उतरले नाही, तर हीटसिंक नीट बसला आहे का ते पाहावे. इंटेलच्या अनेक हीटसिंकना चार कोपऱ्यांवर दाबून बसवायच्या खुंट्या असतात; त्यांपैकी एक जरी निसटली तरी हीटसिंक तिरपा होतो. कित्येक वर्षे जुनी थर्मल पेस्ट वाळून भेगाळलेली असू शकते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मध्यभागी मटाराच्या दाण्याहून लहान ठिपका ठेवावा आणि हीटसिंक सरळ दाबून बसवावा. पेस्ट जास्त लावल्याने थंडावा वाढत नाही. एएमडीच्या जुन्या पद्धतीच्या सॉकेटमध्ये वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंकबरोबर प्रोसेसरही उपटून येण्याचा धोका असतो. तो थोडा गरम असताना हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून मग उचलावा. हे काम पूर्वी केलेले नसेल, तर जाणकाराकडूनच करून घेणे श्रेयस्कर.

काय टाळावे?

संगणकाच्या टेबलातील कॅबिनेटचा बंद कप्पा हा उष्णतेचा मोठा मित्र. मागे भिंत, पुढे दार. अशा कप्प्यात पंखा तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो. कॅबिनेटच्या मागे किमान वीतभर मोकळी जागा असावी. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून चालवणे ही चाचणी म्हणून ठीक आहे. तापमान झटकन उतरले तर हवेचा मार्ग अडलेला आहे असे समजावे. कायमचे उघडे झाकण मात्र धूळ, पाली आणि लहान मुलांची बोटे यांना निमंत्रण देते.

विदर्भात कूलरसमोर कॅबिनेट ठेवण्याचा मोह होतो. कूलरची हवा गार असली तरी दमट असते आणि पाण्याचे तुषार आत गेल्यास मदरबोर्डवर गंज किंवा शॉर्टसर्किट होऊ शकते. खोली कूलरने गार करावी, पण झोत थेट संगणकावर नसावा. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे पंख्यांची व धातूच्या भागांची तपासणी अधिक वेळा करणे इष्ट.

ज्यांना पूर्ण वेगाची गरज नाही, त्यांच्यासाठी एक बिनखर्ची उपाय आहे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के केल्यास बहुतेक प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग बंद होतो. वाढीव वेगासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे थोडा वेग सोडला तरी उष्णता बरीच घटते.

एवढे सगळे करण्यास लागतो तो एक ब्रश, एक ब्लोअर आणि वर्षातून दोन सकाळी. एक उन्हाळ्याच्या तोंडावर आणि दुसरी दिवाळीच्या साफसफाईत. घराची जळमटे काढताना कॅबिनेटकडेही लक्ष गेले, तर पुढच्या मे महिन्यात मॉनिटर काळा पडणार नाही. आणि पडलाच, तर फॉरमॅट करण्याआधी आत किती धूळ आहे हे पाहण्याचे भान तरी घरात कुणाला तरी राहील.