सुतार आला म्हणून झाड वाळत नाही

"सुतार पक्षी बसायला लागला की समजायचं, झाड गेलं." तळवलीत हे वाक्य गावठाणातल्या आजोबांकडून ऐकू येतं, तसंच नव्या इमारतींच्या सभांमध्येही. आजोबा बोलून सोडून देतात. सभेत मात्र त्यावरून ठराव होतो, की झाड पोखरलंय, पावसाळ्यात गाड्यांवर पडेल, सबब तोडण्यासाठी अर्ज करावा.

निरीक्षण बरोबर आहे. सुतार ज्या झाडावर वारंवार येतो ते बऱ्याचदा पुढे वाळतं. पण त्याचा दोष पक्ष्यावर टाकणं म्हणजे खांदेकऱ्यांनी माणूस मारला म्हणण्यासारखं आहे. पक्षी येतो तेव्हा झाड बहुधा आतून आधीच आजारी असतं.

ज्यांच्या घरी आंबा आहे त्यांना भिरूड सांगायला नको. लांब मिशांचा भुंगा सालीत अंडी घालतो, अळी खोडात शिरते आणि महिनोन्‌महिने लाकूड कोरत बसते. बुंध्याशी भुसा पडलेला दिसतो आणि मग फांद्या वाळू लागतात. बागायतदार भोकात तार घालून अळी ओढून काढतात. सुतार पक्षी तेच काम चोचीने आणि जिभेने करतो, तेही फुकट. त्याची जीभ लांब, चिकट आणि टोकाला काटेरी असते. तिला आधार देणारी हाडं कवटीच्या मागून वळसा घालून वर आलेली असतात. सालीखालच्या अळ्या, मुंग्या, वाळवी हे त्याचं अन्न आहे. निरोगी, टणक खोडावर दिवसभर डोकं आपटून त्याला मिळणार काय?

घरट्याचं भोक तो स्वतः कोरतो, हे खरं. पण त्यासाठीही तो मऊ झालेलं, कुजकं लाकूड शोधतो. शेंडा गेलेला नारळ त्याला फार आवडतो. आता नारळाचा शेंडा कोणी खाल्ला? गेंड्या भुंग्याने किंवा सोंड्या भुंग्याने. नाव मात्र पक्ष्याचं, कारण भुंगा दिसत नाही आणि लाल तुऱ्याचा पक्षी ठकठक करत सगळ्यांसमोर बसलेला असतो. शिवाय झाडाचं पाणी वाहतं ते खोडाच्या बाहेरच्या थरांतून. ते तोडायला हे थर गोलाकार, पूर्ण वळसा घालून निघावे लागतात. मूठ जाईल एवढ्या एका भोकाने धडधाकट झाड मरत नाही.

मग आपल्या रस्त्यावरची झाडं का मरतात? पदपथ करताना बुंध्यापर्यंत ओतलेलं काँक्रीट बघा. केबलसाठी खणलेल्या चरात कापलेली मुळं बघा, फलकांसाठी ठोकलेले खिळे बघा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आपल्या आवारात ही एक मीटर माती कुठे दिसते का, हे आधी तपासावं आणि मग पक्ष्याकडे बोट दाखवावं.

अपवाद आहेत. उत्तर अमेरिकेतले सॅपसकर नावाचे चार जातींचे सुतार जिवंत झाडाला ओळीने भोकं पाडून रस पितात. ते भारतात नाहीत. तिथलाच आणखी एक सुतार जिवंत पाइनमध्ये घर कोरतो आणि चोचीबरोबर लाकूड कुजवणारी बुरशीही भोकात नेतो, असं 2016 मध्ये 'प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी'मधल्या प्रयोगात दिसलं. म्हणजे पक्षी अगदी निष्पाप आहे असं नव्हे. पण त्यावरून तळवलीतला गुलमोहर तोडता येत नाही.

आता ओळख. इथे दिसणारा बहुधा सोनपाठी सुतार असतो. मैनेपेक्षा मोठा, पाठ सोनेरी, गळा काळा त्यावर पांढरे ठिपके, शेपटीच्या वरचा भाग काळा. तो भाग लाल दिसला तर पक्षी वेगळा, सहसा दाट जंगलातला. नराचा सगळा माथा लाल. मादीचा पुढचा माथा काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. लहान, काळ्या-पांढऱ्या सुताराचा फोटो काढला की मोबाइल कधीकधी 'हेअरी वुडपेकर' असं सांगून मोकळा होतो. तो अलास्का ते पनामा या पट्ट्यातला पक्षी. त्याच्या काळ्या पाठीवर उभा पांढरा पट्टा असतो. आपल्याकडच्या विरळ, कोरड्या झाडीतला मराठा सुतार बुलबुलाहून जरा लहान, पाठीवर ठिपके, कपाळ पिवळसर, पोटावर लाल डाग. पक्षीतज्ज्ञ लॅथमने 1801 मध्ये त्याला दिलेलं शास्त्रीय नाव 'मराटेन्सिस' हे मराठ्यांच्या मुलुखावरूनच आहे. घरचा पक्षी सोडून अमेरिकेचा कशाला शोधायचा?

हिरवळीत चोच खुपसत चालणारा तुरेवाला पक्षी सुतार नव्हे, तो हुदहुद. त्याचं नातं धनेशाशी जवळचं.

भर दुपारी ऐकू येणारी टुक-टुक लाकडावरची नाही, ती तांबट पक्ष्याच्या घशातली आहे. तोही वाळक्या फांदीत भोक कोरतो, त्यामुळे दिसेल ते भोक सुताराचं धरू नये.

सुतार लाकूड खात नाही. भुसा खाली पडतो तो पाहा.

सुताराच्या कवटीत धक्के शोषणारी गादी असते, हे पाठ्यपुस्तकी थाटात सांगितलं जातं. पण अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने मोजलं (करंट बायॉलॉजी, 2022): कवटी हातोड्यासारखी कडक असते आणि मेंदू लहान असल्यामुळे निभावतो.

राहिला सभेतला ठराव. शहरात वाळलेलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. 1975 चा राज्याचा कायदा आहे. पक्ष्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. फांदी खरोखर धोक्याची असेल तर तेवढीच कापून घ्या, ज्या वाळक्या खोडाखाली ना माणूस ना गाडी, ते उभं राहू द्या. त्यातलं जुनं भोक पुढे मैना, पोपट, पिंगळे वापरतात. आणि सोनपाठी सुताराची वीण साधारण फेब्रुवारी ते जुलै असते. त्या महिन्यांत करवत लावण्याआधी निदान भोकात कोणी आहे का, एवढं पाहून घ्या.