डिरेक्टरीची ओळख



संगणकांतील फाईल आपण नांवानें ओळखतों. फाइली ठेवण्याच्या कप्प्यास तेथें डिरेक्टरी म्हणतात. कप्प्यांत कप्पा आणि त्यांत आणखी कप्पा अशी ती रचना असते, आणि कोणत्या कप्प्यांतून कोणत्या कप्प्यांत जावयाचें हा मार्ग सांगितला कीं हवी ती वस्तु सांपडते. परंतु नांव म्हणजे ओळख नव्हे. नांव बदलतां येतें. एकाच नांवाचे अनेक कप्पे निरनिराळ्या ठिकाणीं असूं शकतात. म्हणून यंत्र प्रत्येक फाईलला व डिरेक्टरीला आपल्यापुरता एक क्रमांक देतें. त्यास आयनोड क्रमांक म्हणतात. एका यंत्रांतील दप्तर दुसऱ्या यंत्रास जाळ्यावरून दाखवूं लागलें म्हणजे या क्रमांकाचें काय होतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा नाहीं. पुष्कळ कचेऱ्यांत, आणि आतां कांहीं घरांतही, सर्वांचीं छायाचित्रें व कागदपत्रें एका साठवणीच्या यंत्रांत ठेवलेलीं असतात आणि त्यांची नक्कल रात्रीं आपोआप दुसरीकडे उतरविली जाते. ती नक्कल पुरी उतरते कीं अर्धी राहते, हें पुष्कळदां या ओळखीवर अवलंबून असतें.

शाळेच्या हजेरीपटाचा दाखला घेऊं. "दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा" एवढें सांगितल्यानें मुलगा ठरत नाहीं. कारण प्रत्येक वर्गांत दुसरा क्रमांक असतोच. वर्ग आणि क्रमांक मिळूनच मुलगा ठरतो. आयनोड क्रमांकही असाच एका फाईल-सिस्टिमपुरता, म्हणजे डिस्कच्या एका स्वतंत्र भागावरील मांडणीपुरता, एकमेव असतो. लिनक्समध्यें प्रचलित असलेल्या ईएक्सटी-४ या मांडणींत सर्वांत वरच्या डिरेक्टरीचा क्रमांक नेहमीं २ असतो. अशा दोन डिस्का एका यंत्रांत असल्या कीं २ क्रमांकाच्या दोन डिरेक्टऱ्या झाल्याच. म्हणून यंत्र आयनोडच्या जोडीला त्या त्या फाईल-सिस्टिमचा क्रमांकही ठेवतें, आणि ही जोडी मिळून ओळख पुरी होते.

दुसरी डिस्क जोडावयाची तर ती पहिल्या रचनेंतील एखाद्या डिरेक्टरीवर बसवितात. यास माउंट करणें म्हणतात. खालची मूळ डिरेक्टरी त्यामुळें नष्ट होत नाहीं. ती झांकली जाते. एका माउंटच्या आंत दुसरें माउंटही करतां येतें. उंबरठा ओलांडणारा दुसऱ्या वर्गांत गेलेला असतो, पण मार्गाच्या नांवांत त्याची कांहींच खूण दिसत नाहीं.

आतां जाळ्याकडे वळूं. सन कंपनीनें १९८४ सालीं नेटवर्क फाईल सिस्टिम, संक्षेपानें एनएफएस, ही पद्धति सिद्ध केली. तींत दप्तर सांभाळणारा तो सर्व्हर आणि मागणारा तो क्लायंट. सर्व्हर क्लायंटच्या हातीं एक चिठ्ठी देतो. तिला फाईल-हँडल म्हणतात. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांत ही चिठ्ठी ३२ बाइटांची होती; १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तींत तिची मर्यादा ६४ बाइट झाली, आणि चौथींत १२८. क्लायंटनें चिठ्ठीचा अर्थ लावावयाचा नसतो. काम पडेल तेव्हां ती जशीच्या तशी परत दाखवावयाची असते. तींत सामान्यतः फाईल-सिस्टिमची खूण, आयनोड क्रमांक आणि पिढीचा क्रमांक असतो. पिढी कशासाठीं? मुलगा शाळा सोडून गेला आणि त्याचा क्रमांक नव्या मुलास दिला, तर जुन्या चिठ्ठीवर नवा मुलगा हजर होऊं नये म्हणून. अशा वेळीं सर्व्हर "चिठ्ठी शिळी झाली" असें उत्तर देतो. या योजनेमुळें मध्येंच कोणी डिरेक्टरीचें नांव बदललें, किंवा सर्व्हर बंद पडून पुन्हां सुरू झाला, तरी चिठ्ठी चालते.

खरी अडचण उंबरठ्यावर येते. दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तींत सर्व्हरनें आपल्या आंतील माउंट ओलांडावयाचें नाहीं, असा सामान्य प्रघात होता. आंतली डिस्क क्लायंटनें वेगळी मागून घ्यावयाची. ती मागितली नाहीं तर त्याला दिसे ती खालची झांकलेली डिरेक्टरी, आणि ती बहुधा रिकामी! नक्कल करणारा प्रोग्राम ती रिकामी डिरेक्टरी इमानानें उतरून घेतो आणि काम पूर्ण झाल्याचें कळवितो. तक्रार कोणीच करीत नाहीं, आणि आंतलें दप्तर मात्र उतरलेलें नसतें.

उलट, सर्व्हरनें उंबरठा ओलांडूं दिला पण वर्ग बदलल्याचें सांगितलें नाहीं, तर निराळाच घोटाळा होतो. फाइंड किंवा डीयू यांसारखे प्रोग्राम चक्रांत अडकूं नयेत म्हणून आपण कोणकोणत्या डिरेक्टऱ्यांतून आलों तें ध्यानांत ठेवतात. तीच ओळख पुन्हां समोर आली कीं येथें चक्र आहे असें समजून ते मागें फिरतात. बीटीआरएफएस या मांडणींत एकाच डिस्कवर अनेक उपविभाग करतां येतात आणि प्रत्येक उपविभागाच्या वरच्या डिरेक्टरीचा क्रमांक २५६ असतो. त्याच यंत्रावर पाहणाऱ्यास प्रत्येक उपविभागाचा वेगळा खूण-क्रमांक मिळतो. एनएफएसवरून मात्र सगळे एकाच फाईल-सिस्टिमचे दिसत. २५६ च्या आंत पुन्हां २५६! चक्र नसतांना चक्राची तक्रार होई. २०२१ सालीं लिनक्सच्या रचनाकारांत या प्रश्नावर मोठा वाद झाला.

२००० सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीनें या बाबतींत नियम स्पष्ट केले. प्रत्येक वस्तूबरोबर तिच्या फाईल-सिस्टिमची खूण सांगितली जाते. ती बदलली कीं क्लायंटनें ओळखावयाचें कीं उंबरठा ओलांडला. लिनक्सचा क्लायंट तेथें आपण होऊन नवें माउंट मांडतो. शिवाय उंबरठ्याचे दोन क्रमांक सांगण्याची सोय झाली : आंतल्या घराचा एक, आणि झांकलेल्या डिरेक्टरीचा दुसरा. वरच्या डिरेक्टरीच्या यादींत हा दुसराच क्रमांक असतो. म्हणून यादी ताडून पाहणाऱ्या प्रोग्रामांस तो लागतो.

ज्यांच्याकडे अशी सामायिक साठवण आहे त्यांनीं तीन गोष्टी कराव्या. सर्व्हरवर माउंटच्या आंत माउंट कोठें कोठें आहे त्याची यादी ठेवावी. नक्कल करणाऱ्या प्रोग्रामास "एकाच फाईल-सिस्टिमपुरतें राहा" अशी आज्ञा दिलेली आहे काय तें पाहावें. कारण तसें असेल तर तो प्रत्येक उंबरठ्यावर थांबेल. आणि अधूनमधून नकलेंतील अगदीं आंतल्या डिरेक्टरींतील एखादी फाईल उघडून पाहावी. यंत्राचा "काम पूर्ण" हा निरोप त्याला जें दिसलें तेवढ्यापुरताच खरा असतो.