विश्लेषण : ‘हिपॅटायटिस बी’च्या रुग्णाला मधुमेह झाला तर यकृताचे काय होते?

मिरा-भाईंदर : सोसायटीत किंवा मंडळात रक्तदान शिबिर होते आणि काही दिवसांनी एखाद्या दात्याला रक्तपेढीतून फोन येतो. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी बंधनकारक असते. अनेकांना ‘हिपॅटायटिस बी’ असल्याचे असेच अचानक कळते. पुढे ‘विषाणू कमी, एन्झाइम नॉर्मल, सध्या औषध नको’ असे निघाले की फाईल कपाटात जाते. दहा-पंधरा वर्षांत पोट सुटते, साखर वाढते, सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून येते. मात्र जुनी फाईल आणि नवा अहवाल एकाच डॉक्टरसमोर क्वचितच येतात. खरा धोका तिथेच आहे.

किती जणांचा प्रश्न?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात २०२२ मध्ये ‘हिपॅटायटिस बी’चे सुमारे २.९८ कोटी रुग्ण होते, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण दोन टक्के. मिरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजार होती. देशाची सरासरी शहराला लावली तर आकडा १६-१७ हजारांवर जातो. हा निव्वळ गुणाकार आहे, सर्वेक्षण नव्हे. लक्षणे नसल्याने बहुतेकांना आजाराचा पत्ता नसतो. अमिताभ बच्चन यांना ‘कुली’च्या अपघातानंतर १९८२ मध्ये चढवलेल्या रक्तातून संसर्ग झाला, यकृताचा ७५ टक्के भाग खराब झाल्याचे अनेक वर्षांनी कळले, असे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे.

साखर आणि विषाणूचा संबंध काय?

विषाणूमुळे यकृतात वर्षानुवर्षे दाह होतो, व्रण साठत जातात, पुढे सिऱ्होसिस आणि कर्करोगाची भीती असते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की यकृतात चरबी साचते आणि तीही दाह व व्रणांच्या याच वाटेने नेते. तैवानमधील ३,६५३ बाधितांच्या ‘रिव्हील’ अभ्यासाने २००६ मध्ये दाखवले, की रक्तातील विषाणू जितका जास्त, तितका कर्करोगाचा धोका जास्त. नंतरच्या अभ्यासांत मधुमेह आणि लठ्ठपणाही धोका वाढवताना दिसले.

इथे एक गोंधळात टाकणारी गोष्ट आहे. यकृतात चरबी असलेल्या रुग्णांत विषाणूचे प्रमाण अनेकदा कमी आढळते. त्यामुळे केवळ तोच आकडा पाहून निश्चिंत होणे महागात पडू शकते. तसेच ‘हिपॅटायटिस बी’मध्ये सिऱ्होसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो.

उपचारांचे निकष बदलले का?

हो. मार्च २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने उपचारांचे दार बरेच उघडले. विषाणू किंवा एन्झाइमचा आकडा काहीही असो, सोबत मधुमेह किंवा फॅटी लिव्हर असेल, अथवा कुटुंबात यकृताचा कर्करोग वा सिऱ्होसिस असेल, तर औषध सुरू करण्याचा विचार व्हावा, असे त्यात म्हटले आहे. ‘एएलटी’ची मर्यादाही पुरुषांसाठी ३० आणि महिलांसाठी १९ धरली आहे. अनेक लॅबच्या अहवालांत ती ४० च्या आसपास छापलेली असते. त्यामुळे ३५ हा आकडा कागदावर ‘नॉर्मल’ दिसला तरी या निकषात बसत नाही.

यकृतातील व्रणांचा अंदाज साध्या रक्ततपासणीवरूनही येतो. ‘एएसटी’ला लॅबच्या कमाल मर्यादेने भागायचे, १०० ने गुणायचे आणि हजारांतील प्लेटलेट्सने भागायचे. ‘एएसटी’ ४८, मर्यादा ४० आणि प्लेटलेट्स १ लाख ६० हजार असतील तर उत्तर ०.७५ येते. ०.५ च्या वर उत्तर आले तर उपचारांचा विचार होतो. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

उपचार कुठे, काय टाळायचे?

२८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जवळचे केंद्र कोणते, याची चौकशी शासकीय रुग्णालयात करता येते. टेनोफोविर किंवा एंटेकाविरची गोळी रोज घ्यावी लागते. ती मनाने बंद केल्यास विषाणू उसळून यकृत निकामी होण्याचीही भीती असते. सिऱ्होसिस असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. इतरांना ती किती वेळा लागेल, हे वय आणि कुटुंबातील इतिहासावर ठरते. दारू पूर्ण बंद. कंबर पुरुषांत ९० आणि महिलांत ८० सेंटिमीटरच्या आत हवी. घरच्यांची तपासणी आणि लसीकरणही करून घ्यावे. मात्र रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवण्याची गरज नाही. एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही.