जीवशास्त्राची पदवी आणि कर्जाचा हप्ता

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीतल्या अनुदानित महाविद्यालयात, म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाखाली, बी.एस्सी. करायला सहसा कर्ज लागत नाही. ते लागतं पुण्याच्या खासगी महाविद्यालयातल्या बायोटेकसाठी. त्यातही खोली-मेसचा वाटा मोठा.

4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, पण पालक सहकर्जदार असतात. हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो. व्याज मात्र पहिल्या उचलीपासून. चार लाख तीन समान हप्त्यांत उचलले आणि दर 10 टक्के धरला, तर तोवर सरळव्याजानेच 1 लाख 20 हजार चढतात. पुढे सात वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे 8,600 रुपये. हातात 15 हजार येत असतील तर निम्म्याहून जास्त गेलेच! प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि एवढ्या पगारावर कर कुठला?

नुसत्या पदवीवर नोकरी अवघड, एम.एस्सी., बी.एड. किंवा डी.एम.एल.टी. करावंच लागतं. माझं मत विचाराल तर पदवी गावाजवळ घ्यावी आणि कर्ज त्या पुढच्या टप्प्यासाठी राखावं. वसमतला हळद संशोधन केंद्र आहे. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी तिथल्या संधींची चौकशी जरूर करावी.